अर्भकरक्षणाचा जमाखर्च

कोणत्याहि चळवळीचीं दोन दप्तरें असतात. एकांत तिचीं व्याख्यानें, ठराव आणि वर्तमानपत्रांतील वाद असतात; दुसऱ्यांत वर्गणीदारांचीं नांवें, पावत्या आणि खर्चाचा तपशील असतो. इतिहासकार बहुधा पहिलेंच दप्तर उघडून बसतात, कारण त्यांत रंग असतो. परंतु एखाद्या चळवळीनें कोणास आपलें मानिलें आणि कोणास वाऱ्यावर सोडिलें हें समजावयाचें असेल, तर दुसरें दप्तर अधिक बोलकें ठरतें. जन्मास येऊं घातलेल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या जीवाचें रक्षण व्हावें म्हणून लोकांनीं जे संघ उभारिले आणि जो पैसा गोळा केला, त्याचा इतिहास प्रस्तुत लेखांत आम्ही या दुसऱ्या दप्तरावरून पाहणार आहों.

जीवरक्षणाची चळवळ म्हटली म्हणजे आजच्या सुशिक्षित वाचकाचें लक्ष प्रथम अमेरिकेकडे जातें. २२ जानेवारी १९७३ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें गर्भपाताचा अधिकार घटनेनेंच दिलेला आहे असा निर्णय दिला. पुढील वर्षीं त्याच तारखेस वॉशिंग्टन येथें विरोधकांचा पहिला मोर्चा निघाला. आणि २४ जून २०२२ रोजीं न्यायालयानें आपला जुना निर्णय रद्द करून तो प्रश्न एकेका राज्याकडे सोंपविला. मधल्या एकोणपन्नास वर्षांत जी संघटना वाढली तिचें बरेचसें बळ गांवोगांवच्या चर्चमधून आलें. प्रार्थनेस आलेल्या कुटुंबांना दुधाची रिकामी बाटली द्यावयाची, त्यांनीं ती घरांतील चिल्लर नाण्यांनीं भरावयाची आणि कांहीं आठवड्यांनीं परत आणावयाची, हा तेथील वर्गणीचा एक सुपरिचित प्रकार आहे. आमच्याकडील मुष्टिफंड, किंवा ज्यांतून १९०८ सालीं तळेगांवचा काचकारखाना उभा राहिला तो अंताजी दामोदर काळे यांचा पैसाफंड, ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना या युक्तीचें नवल वाटणार नाहीं. बाटलींतला पैसा बहुधा अडचणींत सांपडलेल्या गर्भवतीस मदत करणाऱ्या केंद्राकडे जातो. मोर्चांचा, खटल्यांचा आणि निवडणुकींचा खर्च निराळ्या मार्गांनीं भागतो. एकाच चळवळीच्या पोटांत असे दोन ओघ वाहतात. कॅनडांत टोरोंटो येथें लुईस समरहिल या बाईंनीं १९६८ सालीं ‘बर्थराइट’ नांवाची संस्था काढिली, ती राजकारणापासून दूर राहून केवळ अशा स्त्रियांस आधार देण्यासाठींच होय.

या संस्थेच्या एकशें पांच वर्षें आधीं महाराष्ट्रांत तेंच कार्य एका राहत्या घराचें दार उघडून सुरू झालें होतें. जोतीराव फुले यांच्या एका स्नेह्याच्या घरीं स्वयंपाक करणाऱ्या तरुण ब्राह्मण विधवेस एका शास्त्र्यापासून दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसल्यावर तिनें मूल जन्मतांच मारून विहिरींत टाकिलें, आणि न्यायालयानें तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शास्त्र्यास शिक्षा झाली नाहीं. हा खटला होतांच, १८६३ सालीं, जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुण्यास आपल्याच घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढिलें आणि ब्राह्मणवस्तीच्या गल्लींच्या कोपऱ्यांवर त्याच्या जाहिराती चिकटविल्या. विधवेनें गुप्तपणें यावें, निर्भयपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें अथवा ठेवून जावें, असा त्यांचा आशय होता. वर्गणीची यादी पुढें येण्याच्या आधीं येथें घर आलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देतांना जोतीरावांनीं या घराचा हिशेब स्वतःच सांगितला. तोंवर पस्तीस विधवा तेथें येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं पांच जगलीं. तीस मेलीं, आणि त्याचें कारण त्यांनीं असें दिलें कीं, गर्भारपण लपविण्यासाठीं त्या मातांनीं पूर्वींच घेतलेल्या विषारी औषधांनीं गर्भास इजा झालेली होती. पस्तिसांत पांच! एखाद्या संस्थेच्या आजच्या अहवालांत हा आंकडा छापण्यास चिटणीस कचरला असता. जोतीरावांनीं तो लपविला नाहीं, आणि म्हणूनच तो शिकवितो. जीवरक्षणाचें काम प्रसूतीच्या दिवशीं सुरू करून भागत नाहीं. ज्या दिवशीं स्त्रीच्या मनांत भय शिरतें त्या दिवसापासून तें सुरू व्हावें लागतें. दार उघडें असलें तरी तेथपर्यंतची वाट भयानें अडविलेली असेल, तर दारांत पोहोंचणारें अर्भक आधींच अर्धमेलें असतें. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास या दांपत्यानें दत्तक घेतलें. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाईंनीं १० मार्च रोजीं देह ठेविला. जमेच्या बाजूस ही एक नोंद पुरेशी मोठी आहे.

एका कुटुंबाच्या अंगावर चाललेलें काम त्या कुटुंबाच्या आयुष्यापुरतेंच टिकण्याची भीति असते. पुढची पायरी १८७५ सालीं पंढरपुरास पडली. तेथील सबजज्ज लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ. त्यांच्या पुढाकारानें निघालेलें बालहत्याप्रतिबंधक गृह व अनाथाश्रम मुंबईच्या प्रार्थनासमाजानें चालविलें. स्थळाची निवड मार्मिक होती. यात्रेचें निमित्त सांगून घराबाहेर पडणें विधवेस जेथें शक्य होतें अशीं ठिकाणें थोडीं, आणि पंढरपूर त्यांतील मुख्य. मुलास चंद्रभागेच्या वाळवंटांत टाकून परत जावयाचें, कीं जिवंत माणसाच्या हातीं देऊन परत जावयाचें, एवढाच पर्याय तिच्यापुढें उरलेला असे. लवकरच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला आणि अनाथ मुलांची त्यांत भर पडली. संस्थेस एका व्यक्तीऐवजीं सभासदांच्या समाजाचा आधार असल्यामुळें ती टिकली. समाजाच्या आरंभींच्या धुरीणांपैकीं वासुदेव बाबाजी नवरंगे यांचें नांव त्या बालकाश्रमास पुढें मिळालें. घरास फंडाची जोड मिळाली म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण होय.

मात्र फंड वाढला म्हणजे जीव वाचतातच असें नाहीं, आणि याचा धडा लंडननें सर्वांआधीं घेतला होता. टॉमस कोरम या नावाड्यानें रस्त्यावर टाकलेलीं अर्भकें पाहून सतरा वर्षें थोरामोठ्यांचे उंबरे झिजविले. प्रतिष्ठित स्त्रियांच्या सह्या अर्जावर मिळाल्या तेव्हां कोठें काम पुढें सरकलें, आणि १७३९ सालीं त्यास राजाची सनद मिळाली. पुढें हॅंडेल या संगीतकारानें आपल्या ‘मसीहा’ या रचनेचे प्रयोग संस्थेच्या मदतीसाठीं केले. परंतु १७५६ ते १७६० या काळांत पार्लमेंटनें पैसा देऊन येईल तें मूल घ्यावें अशी अट घातली, तेव्हां जवळजवळ पंधरा हजार अर्भकें दाखल झालीं आणि त्यांतील बहुतेक मेलीं. दूध पाजणाऱ्या दाया, जागा आणि देखरेख हीं पैशाच्या वेगानें वाढलीं नाहींत. शिवाय मूल आईपासून तोडून घेण्यावरच सारी व्यवस्था उभी होती. आईस मुलासह उभें करण्याचा विचार तींत नव्हता.

आमच्याकडे सरकारचा मार्ग याहून निराळा होता. जोनाथन डंकन यानें १७८९ सालीं काशीकडील राजकुमार राजपुतांकडून, आणि वॉकर यानें पुढें काठेवाडांतील जाडेजांकडून, मुली न मारण्याचे करार लिहून घेतले; १८७० सालीं त्यासाठीं कायदाहि झाला. करारानें व नोंदवहीनें जें साधण्यासारखें होतें तें कांहीं अंशीं साधलें. पण विधवेच्या मुलाचा प्रश्न करारानें सुटणारा नव्हता, कारण तेथें मारणारा हात आईचा असला तरी त्या हातास ढकलणारें सारें गांव होतें. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेस याच गुन्ह्यासाठीं प्रथम फांशीची शिक्षा झाली. ती पुढें कमी करण्यांत आली, परंतु त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली तिला उत्तर दिलें तें आमच्या वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं. त्यांचें ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें. पाप दोघांचें असतां दंड एकीसच कां, हा त्यांचा प्रश्न आम्हांस या साऱ्या जमाखर्चाचा मथळाच वाटतो.

वर्गणीच्या शास्त्रांत खरी क्रांति केली ती पंडिता रमाबाईंनीं. अमेरिकेंत हिंदुस्थानांतील विधवांची स्थिति सांगत त्यांनीं गांवोगांवीं व्याख्यानें दिलीं, आणि १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्या शाखांना ‘रमाबाई सर्कल’ म्हणत. त्यांच्या सभासदांनीं दहा वर्षेंपर्यंत दरसाल पैसा देण्याचें वचन दिलें. व्याख्यान ऐकून डोळे पुसतांना दिलेला रुपया आणि दहा वर्षें नेमानें दिलेला रुपया, यांत फार अंतर आहे. पहिल्यावर सभा भरते, दुसऱ्यावर संस्था चालते. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें तें या नेमाच्या जोरावर. पण दूरच्या पैशाबरोबर जवळचा संशयहि आला. १८९३ सालीं सदनांतील मुलींच्या धर्मांतराविषयीं वाद माजला आणि रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागार मंडळींतून बाहेर पडले. देणारे एका खंडांत, घेणारे दुसऱ्या खंडांत आणि शेजारी साशंक, अशा स्थितींत काम चालविणें किती कठीण असतें हें त्यावरून दिसतें. तरीहि १८९६-९७ च्या दुष्काळांत याच बाई आमच्या मध्यप्रांतांत फिरून उपाशी मुलींना गोळा करून घेऊन गेल्या, आणि केडगांवच्या मुक्तिसदनाच्या जोडीस समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं त्यांनीं कृपासदन उभारिलें, हें विसरून चालणार नाहीं. ज्या मुली आमच्या प्रांतानें संभाळावयाच्या, त्यांचा खर्च बोस्टनच्या गृहिणींच्या पैशाची संवय लागलेल्या संस्थेनें केला.

हिंगणें म्हटलें कीं महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांसमोर पुण्याजवळचें, अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमाचें हिंगणें उभें राहतें. आमचें हिंगणा निराळें: नागपुराच्या नैर्ऋत्येस वेणा नदीजवळ वसलेलें, आज औद्योगिक वसाहतीसाठीं ओळखलें जाणारें तालुक्याचें गांव. परंतु नामसाम्यानें एक गोष्ट आठवते ती येथें सांगितली पाहिजे. कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढिला आणि १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. त्यासाठीं गांवोगांव हिंडून वर्गणी गोळा करणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या. १९१८ सालीं त्या अमेरिकेसहि गेल्या. तोंवर विधवा ही खर्चाच्या बाजूची नोंद होती. पार्वतीबाईंनीं ती जमेच्या बाजूस आणून ठेविली.

आमच्या नागपुरांत हेंच परिवर्तन कमलाबाई होस्पेट यांनीं घडविलें. बालविधवा कमलाबाईंनीं नागपुरास डफरिन रुग्णालयांत परिचारिकेचें व सुईणपणाचें शिक्षण घेतलें. ज्या कामास पांढरपेशा घरांत विटाळाचें काम समजत, तें एका ब्राह्मण विधवेनें उपजीविकेचें आणि व्रताचें केलें. वेणूताई नेने या सहकारिणीसह त्यांनीं १९२१ सालीं मातृसेवासंघ स्थापिला. या नांवाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पुण्यापंढरपूरच्या गृहांच्या नांवांत हत्येचा उच्चार होता. येथें सेवेचा आहे. पूर्वींच्या गृहांत स्त्री लपून येई. या प्रसूतिगृहांत ती नांव सांगून येऊं लागली. सुरक्षित बाळंतपण हा कलंकित स्त्रीवरचा उपकार न राहतां प्रत्येक आईचा हक्क झाला, आणि तो झाला म्हणूनच संकटांतील एकटीस त्या गर्दींत मान खालीं न घालतां उभें राहतां आलें. संघाच्या शाखा नागपुराबाहेरहि पसरल्या. १९६१ सालीं कमलाबाईंस पद्मश्री मिळाली.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचें रूप पालटलें. चोरून केलेल्या गर्भपातांत असंख्य स्त्रिया मरत म्हणून मध्यवर्ती सरकारनें १९६४ सालीं महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली, आणि तिच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला. अमेरिकेंत जो वाद न्यायालयांत पेटला तो आमच्याकडे आईचे प्राण वाचविण्याच्या भाषेंत जवळजवळ शांतपणें मिटला. पण थोड्याच वर्षांत निराळें संकट आलें. गर्भाचें लिंग सांगणारीं यंत्रें आलीं आणि मुलगी आहे एवढ्याच कारणानें गर्भ काढून टाकण्याचा व्यापार सुरू झाला. मुंबईंतील स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि विचारवंत यांनीं एकत्र येऊन चळवळ केली, आणि १९८८ सालीं महाराष्ट्रानें देशांत प्रथमच त्याविरुद्ध कायदा केला. १९९४ सालीं तो सर्व देशासाठीं झाला. तो कागदावरच राहिलेला पाहून मुंबईची ‘सेहत’, पुणें जिल्ह्यांतील ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनीं २००० सालीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. साताऱ्याकडे वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’नें तर गर्भवती स्त्रियांनाच साक्षीदार करून गुन्हेगार दवाखाने उघडे पाडिले. इतकें होऊनहि शून्य ते सहा वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत मुली १९९१ सालीं ९४६ होत्या, त्या २००१ सालीं ९१३ आणि २०११ सालीं ८९४ झाल्या. हा आंकडा झोपडींतल्या दारिद्र्याचा खास नव्हे. सोनोग्राफीची फी देण्याची ऐपत असणाऱ्या आमच्याच वर्गाचा त्यांत मोठा वांटा आहे.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हे कार्यकर्ते स्त्रीचा गर्भपाताचा कायदेशीर अधिकार मान्य करूनच लिंगनिवडीविरुद्ध लढले. अमेरिकेंतील चळवळीस तो अधिकारच अमान्य आहे. या दोन भूमिकांचा तात्त्विक निवाडा एका लेखांत होणार नाहीं. मात्र आमच्या मतें दोन्ही पक्षांस लावावयाची कसोटी एकच: जो जीव जन्मावा असें तुम्ही म्हणतां, त्याच्या आईच्या पुढील दिवसांचा खर्च तुमच्या वहींत कोठें लिहिला आहे?

या कसोटीवर विदर्भाचीं दोन नांवें निर्विवाद उतरतात. हिंगणा तालुक्यास लागूनच असलेल्या वर्धा जिल्ह्यांत जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ यांस दिवस भरलेले असतां घराबाहेर पडावें लागलें आणि गोठ्यांत त्यांची प्रसूति झाली. पुढें गाऊन, मागून, आणि अखेरीस व्याख्यानें देऊन त्यांनीं शेंकडों अनाथ लेंकरें पोसलीं. २०२२ सालीं त्या निवर्तल्या. दुसरीकडे गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें खेड्यांतल्याच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची घरींच शुश्रूषा करावयास लाविलें. एकोणचाळीस गांवांत हा प्रयोग झाला आणि तेथील नवजात बालकांचे मृत्यु, जेथें तो झाला नाहीं त्या गांवांच्या तुलनेनें, ६२ टक्क्यांनीं घटले. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रानें तें जगापुढें मांडलें. बाळास ऊब द्यावी, श्वास कोंडल्यास तो चालू करावा, जंतुदोष वेळीं ओळखावा, एवढीं साधीं कामें. पण तीं वेळेवर करणारी शेजारीण तयार होती.

आतां आमच्या गांवाकडे पाहूं. औद्योगिक वसाहतीमुळें दूरच्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून कामास येणाऱ्या, माहेरसासर दोन्ही लांब राहिलेल्या स्त्रिया अशा गांवांत पुष्कळ. १८६३ सालच्या विधवेचें एकटेपण आज त्यांच्या वांट्यास येऊं शकतें. कायदा पूर्वींपेक्षां पुष्कळ दयाळू आहे. बालन्याय कायदा, २०१५ याच्या पस्तिसाव्या कलमाप्रमाणें, ज्या आईस मूल सांभाळणें खरोखर अशक्य आहे तिनें तें जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढें न्यावें. तिला समजुतीचा सल्ला मिळतो, आणि मूल सोंपविल्यावरहि दोन महिने फेरविचारास दिलेले असतात. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास मार्ग सांगितला जातो. मूल उकिरड्यावर टाकणें हा गुन्हा. समितीच्या हातीं देणें हा गुन्हा नव्हे. जोतीरावांच्या जाहिरातींत जें अभय होतें तें आतां कायद्याच्या पुस्तकांत आहे. फरक इतकाच कीं, त्यांनीं तें गल्लीच्या कोपऱ्यावर चिकटविलें होतें, आणि आम्ही पुस्तकांतच ठेविलें आहे.

गणेशोत्सवास, देवळाच्या कळसास आणि व्याख्यानमालेस वर्गणी देणारीं आमचीं सुशिक्षित कुटुंबें या बाबतींत अगदींच हात आंखडतात असें नाहीं. त्यांना कोणी नेमानें मागितलेलें नसतें. बसस्थानक, सरकारी दवाखाना आणि कारखान्याचें फाटक या तीन ठिकाणीं तो क्रमांक व ते दोन महिने सांगणारी मराठी-हिंदी पाटी, आणि बाळंतिणीस पहिले सहा महिने दूध, औषध व घरभाडें पुरेल असा मासिक वर्गणीचा लहानसा फंड, एवढें कोणत्याहि तालुक्याच्या गांवास शक्य आहे. त्या फंडाचा हिशेब दरमहा जाहीर लावावा, आणि जोतीरावांप्रमाणें त्यांत वाचलेल्यांबरोबर न वाचलेल्यांचाहि आंकडा लिहावा. पस्तिसांत पांच लिहिण्याचें धैर्य ज्या वहींत आहे, तिच्यावर पुढच्या महिन्याची वर्गणी देण्यास कोणी मागेंपुढें पाहणार नाहीं.